नाव न घातलेली स्लाइड

देवासला स्टेशन रोडवर औषधांच्या दोन दुकानांच्या मधून एक अरुंद जिना वर जातो. वर डॉक्टर उपाध्यायांची पॅथॉलॉजी आहे. तिथं बकुळाताई जगदाळे एकोणतीस वर्षं रक्त तपासत होत्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा इंदूरहून यायचे, अवघड स्लाइडा बघायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि जायचे. बाकी सगळा कारभार ताईंचा. कन्नौदकडून आलेल्या माणसाशी त्या माळवीत बोलायच्या, कारखान्यातल्या पोरांशी हिंदीत, आणि चिठ्ठीवरचं आडनाव मराठी निघालं की लगेच मराठीवर यायच्या. ते मराठीही जुन्या वळणाचं. ‘आपण बसावं, हात असा द्यावा, मूठ मिटावी.’ माहेर धारचं, आजोबा तिथल्या दरबारात चाकरीला. दरबार गेला, चाकरी गेली, बोलणं तेवढं राहिलं.

नवरा विक्रमसिंह गिअर बनवणाऱ्या कारखान्यात होता. आता निवृत्त होऊन घरी. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कधीकाळी करून संपवलं होतं. धारला थोरला भाऊ खंडोजी, वीज खात्यातून निवृत्त झालेला. राखीला आणि भाऊबीजेला तो बसनं यायचा, एक रात्र राहायचा, बहिणीच्या हातचं खाऊन तंबाखू मळत गॅलरीत बसायचा. ताईंचं जग एवढंच होतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

लॅबमध्ये दहा वर्षांपूर्वी मशीन आलं. नळी लावली की मिनिटभरात सगळे आकडे कागदावर. तरी कुठला आकडा जरा वाकडा वाटला की ताई काचेवर रक्ताचा थेंब ओढायच्या, रंगवायच्या, सुकवायच्या, वर तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स लावायच्या. डाव्या हाताशी पेशी मोजायचं जुनं यंत्र, पाच बटणांचं. टिक, टिक, टिक. मशीन किती ते सांगतं, कशा दिसतात ते मी बघते, असं त्या नव्या मुलींना सांगायच्या.

२०१८ साली, पन्नाशीला आलेल्या असताना, त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. इंदूरला ऑपरेशन झालं, मग केमोथेरपीचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. पहिल्या डोसनंतर केस गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड सोलवटून निघायचं. पण ताई डोक्याला रुमाल बांधून कामावर यायच्या, आणि आपलं रक्त आपणच तपासायच्या. पहिल्या डोसच्या बाराव्या दिवशी त्यांनी स्वतःची स्लाइड लावली आणि सरकवत गेल्या, सरकवत गेल्या. नुसत्या लाल पेशी. पांढरी पेशी म्हणून दिसेना. इतकी रिकामी स्लाइड त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. जंतुसंसर्गाशी लढायला अंगात जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि आठ दिवस दार लावून बसल्या.

विसाव्या दिवशी पुन्हा थेंब काढला. लेन्सखाली एक दिसली, मग दोन, मग एका जागी तीन. कोवळ्या, नुकत्या बाहेर पडलेल्या. ताईंनी तिथूनच कारखान्यात फोन लावला.

“आल्या हो!”

“कोण आलं?” विक्रमसिंह मशीनच्या आवाजात ओरडले.

“पेशी! पेशी आल्या!”

सहाही डोस त्यांनी असेच काढले. आजार गेला. पुढं दर वर्षी तपासण्या साफ. मग त्यांच्याकडं एक नवंच काम आलं. गावात कुणाला केमो लागलं की लोक म्हणायचे, बकुळाताईंकडं जा, त्यांनी घेतलंय. बायका घाबरून यायच्या आणि ताई त्यांना सांगायच्या, पेशींचा काउंट पडतो, परत येतो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. किती जणींना त्यांनी असं सांगितलं असेल कोण जाणे.

२०२४ च्या जानेवारीत लॅबचा जिना चढताना ताईंना मध्येच थांबावं लागायला लागलं. दात घासताना थुंकीत रक्त दिसायचं. नडगीवर एक काळानिळा डाग होता, कुठं लागल्याचं आठवत नव्हतं. एका मंगळवारी पेशंट संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताला पट्टा बांधला, दातात धरून ओढला आणि रक्त काढलं. मशीनच्या कागदावर तिन्ही आकडे खाली होते: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. लाल पेशींचा आकार मात्र मोठा. ताईंनी मशीनवर संशय घेतला. तपासणीचं ठरलेलं द्रावण लावून बघितलं, मशीन बरोबर होतं. मग मनात आलं, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, आपण मांस खात नाही, वय झालं.

स्लाइड रंगवून त्या बसल्या. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे तुकडे वाढतात, पाच होतात, सहा होतात. इथं उलटं होतं. पेशीमागून पेशीत फक्त दोन गोल, मध्ये एक धागा, लहानशा चष्म्यासारखे. आत जे दाणे दिसायला हवेत ते नाहीत. ताईंनी दुसरी स्लाइड केली, रंग बिघडला असेल म्हणून. मग ताजा रंग घेऊन तिसरी. तिसरीच्या कडेला एक मोठी, गोल, निळसर पेशी होती. रक्तात जिचं काही काम नाही, जी हाडातल्या मज्जेतच राहायला हवी, तशी कच्ची. ब्लास्ट. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबलं. टिक.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. गुरुवारी डॉक्टर उपाध्याय आले, तेव्हा ताईंनी बाकीच्या स्लाइडांबरोबर ही एक पुढं केली. तिच्यावर नाव नव्हतं.

“सर, जरा ये देखिए.”

डॉक्टरांनी डोळा लावला. बराच वेळ लेन्स हलली. “चांगली नाहीये ही,” ते म्हणाले. “मज्जा बिघडलेली दिसते. वय किती?”

“छप्पन्न.”

“बाई की माणूस?”

“बाई.”

“आधी कुठं केमो-बिमो झालंय का? विचारलं का?”

“झालंय. सहा वर्षांपूर्वी. स्तनाच्या कॅन्सरसाठी सहा डोस.”

डॉक्टरांनी मान वर केली. ताई टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या, आणि बाहीच्या खाली मनगटावर निळं दिसत होतं. डॉक्टर उपाध्यायांचे हात लेन्सवर तसेच राहिले. “बकुळाजी,” ते म्हणाले.

फेब्रुवारीत इंदूरला कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. रिपोर्ट आल्यावर रक्ताच्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवलं. माणूस तरुण होता, हळू बोलणारा. मज्जेत शंभरात आठ ब्लास्ट होत्या, आणि त्या पेशींमध्ये सातव्या जोडीतलं एक गुणसूत्र नाहीसं झालेलं होतं. अजून हा पुरता ब्लड कॅन्सर नाही, ते म्हणाले, पण त्याच्या दारात उभा आहे.

“पण तेव्हा तर सगळं ठीक झालं होतं,” विक्रमसिंह म्हणाले. “काउंट परत आले होते. हिनं मला फोन केला होता.”

डॉक्टरांनी ताईंकडं बघितलं. “आप तो जानती हैं.”

“मला माहीत आहे तेवढं अर्धं आहे,” ताई म्हणाल्या. “बाकीचं सांगा. ह्यांनाही कळू द्या.”

मग त्यांनी सांगितलं. मज्जेत अगदी मुळाशी थोड्या पेशी असतात, स्टेम सेल. सगळं रक्त त्यांच्यापासून होतं. पण त्या स्वतः फार क्वचित दुभागतात, बहुतेक वेळ निजलेल्या असतात. रात्रंदिवस दुभागतात त्या त्यांच्या लेकी-नाती. केमोचं औषध जी पेशी दुभागत असेल तिलाच गाठतं, म्हणून डोसनंतर लेकी-नाती मरतात आणि काउंट पडतो. निजलेल्या वाचतात. पण खाली सगळं रिकामं झालं की त्यांना उठावंच लागतं. उठायचं, दुभागायचं, रिकामी जागा भरायची. की पुढचा डोस. सहा वेळा. अशा घाईत, आणि औषध अंगात भिनलेलं असताना, एखाद्या पेशीच्या आतल्या लिखाणाला ओरखडा पडतो. पुष्कळशा अशा पेशी आपोआप मरतात. एखादी मरत नाही. औषधही तिला मारत नाही, कारण मरायचा हुकूम वाचणारा भागच तिचा बिघडलेला असतो. कधी अशी पेशी आधीपासूनच असते. भोवतालच्या चांगल्या पेशी पडल्यावर तिला मोकळी जागा मिळते. ती दुभागत राहते. वर्षानुवर्षं काही कळत नाही.

“विसाव्या दिवशी ज्या दिसल्या,” ताई हळूच म्हणाल्या, “त्यांच्यातच.”

“तेव्हा दिसणं शक्यच नव्हतं. कुणालाच नाही,” डॉक्टर म्हणाले.

विक्रमसिंहांनी बायकोचा हात धरला. किती घट्ट धरला ते त्यांना कळलं नाही. संध्याकाळी तिथं चार बोटं उमटली होती.

उपाय एकच होता. दुसऱ्या कुणाच्या स्टेम सेल घालायच्या, आणि त्यासाठी सख्खं भावंड सगळ्यात बरं. खंडोजींना फोन गेला आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं धारहून येऊन उभे राहिले. “बकू, हवं तेवढं घे,” एवढंच म्हणाले. त्यांचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तराला दोन-तीन आठवडे लागणार होते.

त्या आठवड्यांत ताई कामावर जात राहिल्या. नव्या मुलीला स्लाइड नीट ओढता येत नव्हती, तिला शिकवायचं होतं. त्याच दिवसांत जिना चढून आरोही पाटणकर आली. चौतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. नवरा अभिषेक पहाटेच घर सोडायचा आणि कंपनीच्या बसनं पीथमपूरला जायचा, संध्याकाळी उशिरा परत. पाच वर्षांची मुलगी वेदिका. आरोहीच्या डाव्या स्तनात गाठ, काखेतही पोहोचलेली. ऑपरेशन होऊन पहिला डोस झाला होता आणि आज बारावा दिवस होता.

तिची स्लाइड तशीच निघाली, रान उजाड झाल्यासारखी. ताईंनी डॉक्टरांना कळवलं, तिला मास्क दिला, घरी गर्दी करू देऊ नकोस म्हणून बजावलं.

“ताई, सच बताना,” आरोही म्हणाली, “हा काउंट परत येतो ना?”

“येतो.”

“तुमचा आला होता?”

“आला होता. सहाही वेळा.”

“अभि म्हणतो, नेटवर वाचू नकोस. मी वाचते तरी. मग झोप नाही लागत. तुम्हाला बघितलं की बरं वाटतं.” तिनं ताईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. “आता तुम्ही एकदम ठीक आहात ना?”

मार्च उजाडला होता, उकडत होतं, आणि ताईंनी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. आतमध्ये दंडापर्यंत डाग होते.

“बघ ना,” त्या म्हणाल्या, “तुझ्यासमोर उभी आहे.”

आरोही हसली. जाताना तिनं ताईंच्या हाताला हात लावला. ती जिना उतरून गेल्यावर ताई मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या आणि नव्या मुलीनं दोनदा हाक मारली तरी उठल्या नाहीत. त्यानंतर दुसऱ्या डोसलाही आरोही आली, आणि ताईंनी पुन्हा तेच सांगितलं.

मार्चच्या मध्यावर खंडोजींचा रिपोर्ट आला. पूर्ण जुळला होता. चार भावंडांत एखादं असं जुळतं, डॉक्टर म्हणाले, आणि तुम्हाला तर एकच भाऊ. विक्रमसिंह इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं रडले. खंडोजींनी तंबाखूची डबी तिथल्याच कचऱ्याच्या पेटीत टाकली. पंचेचाळीस वर्षांची सवय. धारला परत जाऊन ते रोज सकाळी तलावाला फेऱ्या मारायला लागले, दूध पिऊ लागले, आणि भेटेल त्याला सांगू लागले की माझ्या बहिणीला माझं रक्त लागणार आहे.

पण आधी मज्जेतल्या ब्लास्ट खाली आणायला हव्या होत्या. त्यासाठी इंजेक्शनं, महिन्यातून सात दिवस, इंदूरला जाऊन. ताईंनी काम सोडलं. दुसऱ्या महिन्याची इंजेक्शनं चालू असताना, एप्रिलमधल्या एका दुपारी, त्या डे-केअरच्या हॉलमध्ये खुर्चीत टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईन होतं, रक्ताची पिशवी चढत होती. समोरच्या दारातून आरोही आत आली. चौथ्या डोससाठी.

तिनं ताईंना ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. “ताई! तुम्ही इथं? कुणाला घेऊन आलात?”

मग तिला पिशवी दिसली. नळी कुठं जाते ते दिसलं. उघडा हात दिसला.

“परत आला?” ती म्हणाली.

“नाही. तो नाही आला.” ताईंना अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. ॲनिमिया आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. “हा दुसरा आहे. रक्ताचा.”

“दुसरा कशानं?”

आरोही पुढं झाली, खुर्चीच्या हातावर वाकली. “ताई, कशानं?”

“त्या औषधानं. तेव्हाच्या.”

“मला देतायत त्याच?”

“त्यातलंच.”

“आणि तुम्हाला हे मार्चमध्ये माहीत होतं?”

“जानेवारीपासून.”

आरोही सरळ झाली. तिनं हातातली फाइल काखेत धरली, नर्सनं नाव पुकारलं तिकडं पाठ फिरवली आणि दारातून निघून गेली. नर्स तिच्यामागं कॉरिडॉरपर्यंत गेली आणि एकटीच परत आली. रक्ताची पिशवी संपेपर्यंत अजून तास होता. ताईंना उठता येत नव्हतं.

चार दिवसांनी अभिषेकचा फोन आला. नंबर त्यानं लॅबमधून घेतला होता. “काकू, ती डोस घेत नाही म्हणते. डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुमचं नाव काढलं तरी भांडते.” त्याला काय मागायचं होतं ते त्यालाच सांगता येईना.

“मी येते,” ताई म्हणाल्या.

“अगं, प्लेटलेट अकरा हजारांवर आहेत तुझ्या,” विक्रमसिंह म्हणाले. “निरोगी माणसाला दीड लाख असतात. तूच सांगतेस लोकांना. कुठं धडपडलीस तर रक्त थांबायचं नाही.”

“माहीत आहे. रिक्षा बोलवा.”

आरोहीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विक्रमसिंह वर येतो म्हणाले. ताईंनी त्यांना खालीच बसवलं. प्रत्येक वळणावर त्या पायरीवर बसल्या, श्वास परत येईपर्यंत. दार वेदिकानं उघडलं. मागून आरोही आली. ‘या’ म्हणाली नाही, पण ताई उंबऱ्याच्या आत खालीच बसल्या तेव्हा तिनं पाणी आणून ठेवलं आणि मुलीला आतल्या खोलीत पाठवलं.

“तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.”

“हो.”

“का पण?”

“तू घाबरून सोडशील म्हणून.” ताईंनी पाणी प्यायलं. “हे सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. तुला ‘मी ठीक आहे’ म्हटलं की तेवढा वेळ मलाही वाटायचं.”

आरोही भिंतीला टेकून उभी राहिली. डोक्याला स्कार्फ नव्हता. “किती जणींना होतं हे? मला आकडा सांगा. मी गणित शिकवते.”

“शंभरात एखादीला. बहुतेक त्याहूनही कमी.”

“आणि ती एखादी तुम्ही.”

“ती मी.”

“मी असले तर?”

“असू शकशील. नाही असं मी म्हणणार नाही. पुन्हा खोटं नाही बोलणार. पण तुझी गाठ काखेत गेली होती, आरोही. औषध अर्ध्यात सोडलंस तर ती परत येण्याचा आकडा शंभरात एक नाही. तो तुझ्या डॉक्टरांना विचार. विचारलास का?”

आरोहीनं पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

“मला सहा वर्षं मिळाली. त्यात मी मोठं काही केलं नाही. कामावर गेले. ह्यांना डबा दिला. दादाच्या मुलीच्या लग्नात पाय दुखेपर्यंत उभी राहिले. औषध घेतलं नसतं तर यातलं काहीच नसतं. सहा वर्षांनी तुझी वेदिका अकराची होईल.”

“तिचं नाव नका घेऊ.”

“बरं. नाही घेत.”

आतल्या खोलीत वेदिका भिंतीवर चेंडू मारत होती. आरोही म्हणाली, “तुम्हाला राग नाही येत?”

“येतो. रोज येतो,” ताई म्हणाल्या. “डॉक्टरांचा येतो, औषधाचा येतो. लेन्सखाली त्या दिसल्या तेव्हा मी फोनवर ओरडले होते, त्या माझ्या ओरडण्याचा येतो. पण पुन्हा कुणी मला २०१८ मध्ये नेऊन बसवलं ना, तर मी हात पुढं करीन.”

“तुम्ही जा आता, ताई. प्लीज.”

ताई उठल्या. आरोहीनं त्यांना हात दिला नाही आणि वचनही दिलं नाही. रिक्षात बसल्यावर ताईंच्या नाकातून रक्त यायला लागलं. विक्रमसिंहांनी आपल्या शर्टाची बाही पुढं धरली, ती भिजली, मग दुसरी धरली, आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “भिया, इंदूर. सीधे इंदूर.” तिथं चार दिवस काढावे लागले.

मेमध्ये मज्जा पुन्हा तपासली. आठाच्या ऐवजी चोवीस ब्लास्ट निघाल्या. इंजेक्शनांना त्या पेशींनी जुमानलंच नव्हतं. पहिल्या औषधातून जी तगली तिचीच ती संतती, दुसऱ्यानं काय मरणार. खंडोजी धारहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आपली तारीख कळेल या आशेनं. डॉक्टरांनी सांगितलं की आता नव्या स्टेम सेल घालून उपयोग नाही. त्याआधीचं जोराचं केमो या शरीराला सोसणार नाही, आणि सोसलं तरी हा आजार काही महिन्यांत परत येईल.

“पण माझं जुळलंय ना!” खंडोजी उभे राहून ओरडले. “सगळं जुळलंय म्हणालात. मी तयार आहे, हा बघा हात! घ्या ना!”

त्यांचा हात तसाच टेबलावर उताणा पडलेला होता. मग ते म्हणाले, निदान प्लेटलेट तरी घ्या, तिला रोज लागतात. रक्तपेढीतल्या माणसानं वय विचारलं. एकसष्ट. साठीच्या वरच्यांच्या घेत नाहीत, तो म्हणाला, नियम आहे, अंकल. खंडोजी बाहेर येऊन बाकावर बसले. त्यांनी खिसे चाचपले. डबी नव्हती. समोरच्या टपरीवर जाऊन त्यांनी नवी घेतली.

मेच्याच महिन्यात एका संध्याकाळी ताईंच्या फोनवर अभिषेकचा निरोप आला, हिंदीत, एका ओळीचा. आरोहीनं चौथा डोस घेतला होता, सोळा दिवस उशिरानं. ताईंनी तो विक्रमसिंहांना वाचायला दिला. “त्याला लिहा,” त्या म्हणाल्या, “बाराव्या दिवशी काउंट करायला विसरू नका म्हणावं.” तोंडात फोड आले होते, बोलणं जड जात होतं.

जूनपासून ताई घरीच होत्या. रक्त चढवायला नेऊन आणायचं, ताप आला की भरती व्हायचं. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की आता नको. विक्रमसिंहांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या पलंगाशेजारी खाली गादी घातली. शेवटी फुप्फुसात बुरशी शिरली. ज्या पेशींनी ती अडवायची त्या उरल्याच नव्हत्या. ताईंना सगळं समजत होतं. काय होतंय आणि पुढं काय होईल हे त्या विक्रमसिंहांना सांगत होत्या, मग सांगणं थांबलं. तेवीस जुलैला सकाळी नऊच्या सुमाराला त्या गेल्या. खंडोजी आदल्या दिवशीच आले होते. बहिणीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, आणि ती गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगावं लागलं.

तेराव्याला लॅबमधली मंडळी आली, डॉक्टर उपाध्याय आले, गावातले पुष्कळ लोक आले ज्यांची नावं विक्रमसिंहांना माहीत नव्हती. दुपारी पुरुषांच्या पंगती उठल्यावर आरोही आली. टाळूवर बारीक केस उगवले होते, भुवया अजून नव्हत्या. तिनं फोटोला फूल वाहिलं आणि विक्रमसिंहांसमोर येऊन बसली.

“काका, शेवटचा डोस झाला,” ती म्हणाली. “कालपरवाचे काउंट चांगले आलेत.”

विक्रमसिंहांना बायकोनं या मुलीसाठी चढलेले तीन मजले आठवत होते, आणि दोन्ही भिजलेल्या बाह्या आठवत होत्या. ही जगावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी. त्यांनी जमिनीकडं बघत मान हलवली.

“जेवून जा,” ते म्हणाले.

आरोही स्वयंपाकघराच्या दारात बायकांच्या पंगतीला बसली. खंडोजींनी तिच्या पानात वरणभात वाढला. ती कोण हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. तिला फारसं खाता आलं नाही, अजून तोंडाला चव नव्हती. पण तिनं पानात काही टाकलं नाही. सावकाश, एकेक घास करत, तिनं सगळं संपवलं.